पानं नसतानाची सावर

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाळीच्या मागच्या अंगणात, सावरीच्या बुंध्याशी उभी होते. एका हातात बटाटे सोलायची सुरी आणि दुसऱ्या हातात त्या झाडाच्या खोडातून फुटलेली करंगळीएवढी फांदी. समोर उद्यान खात्यातल्या बाई, आमच्या कमिटीचे सेक्रेटरी नंदूभाऊजी, बिल्डरच्या ऑफिसातला एक माणूस, आणि वर गॅलरीच्या कठड्यांवरून वाकलेली निम्मी चाळ. माझा मोबाइल घरात देवाच्या फळीवर होता. तो वाजतोय असं शेजारच्या मंदाने वरून सांगितलं, मग तिनेच जाऊन उचलला. बोलत बोलत बाहेर आली आणि मग बोलेनाशीच झाली... नुसती कठडा धरून माझ्याकडे बघत राहिली. मला कळलं. संक्रांत चार दिवसांवर होती. वन्संना परळच्या इस्पितळात ठेवून तीन आठवडे झाले होते, आणि नेमक्या त्या सकाळी त्यांच्या उशाशी मी नव्हते. माझी मुलगी रेश्मा होती.

याला आता अडीच महिने होतील. तेराव्याला लोक आले, जेवले, आणि उतरताना जिन्यात बोलले. नणंद तिकडे जीव सोडत होती आणि ही इकडे झाड खरवडत होती. मी मोरीत भांडी घासत होते. मोरीची खिडकी जिन्याकडे उघडते हे त्यांना माहीत आहे. तरी बोलले, कारण ही काही बाहेर येऊन उत्तर द्यायची नाही हेही त्यांना माहीत आहे. खरंच आहे ते. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, तिथंही कविता म्हणायला उभं केलं की मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची. पण आवाज फुटत नाही म्हणजे उत्तर नाही, असं नाही. रेश्माच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत. त्यांत लिहिते.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नाव वत्सला, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून वन्संच म्हणत आले. त्या गिरगावातल्या एका कॉलेजात शिपाई होत्या. झाडापानांचा अभ्यास करतात त्या प्रयोगशाळेत. मुलं आणि सर रानातून डहाळ्या आणायचे, त्या वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवायच्या, रोज कागद बदलायचे, वाळल्या की जाड कागदावर सुईदोऱ्याने टाचायच्या, हे वन्संचं काम. तीस-बत्तीस वर्षं केलं. शिकल्या सातवीपर्यंत, पण हातातून हजारो पानं गेली, त्यामुळे नुसता देठ बघून झाड सांगायच्या. घरी येताना पर्समध्ये हटकून एखादं पान असायचं. चाळीत त्यांना पालापाचोळा म्हणायचे. तोंडावर नाही, पण जिन्यात. आमच्या चाळीत सगळं जिन्यातच बोलतात.

मी आले ती चैत्रात. घर एक खोली, त्यात सासू, नवरा, वन्सं आणि मी. आठवडाभर मी कुणाशी बोलले नव्हते. एका दुपारी बघते तर गॅलरीत कापूस उडत येतोय. पांढराशुभ्र, हलका, कोपऱ्याकोपऱ्यात गोळा होतोय. मला वाटलं, फुकट कापूस, देवाच्या वाती करू. पदरात गोळा केला आणि वळायला बसले. वात काही वळेना. बोटांतून निसटून जायची, मांडीवर घासली की उडून जायची. नाकात गेला, शिंका सुरू झाल्या. वन्सं कामावरून आल्या, माझ्याकडे बघितलं आणि दारातच बसून हसल्या. सासूबाईंना वाटलं सून काहीतरी बिघडवून बसली. वन्सं म्हणाल्या, "वात व्हायला कापसाने कापसाला धरावं लागतं गो. हा कुणाला धरत नाही." मग पर्स खाली ठेवली, चहासुद्धा घेतला नाही, आणि मला हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेल्या.

तिथं ते झाड होतं. आमची चाळ चार माळ्यांची, झाड तिच्या कौलांच्याही वर गेलेलं. वन्सं म्हणाल्या, ही सावर. मी मान खाली घालून पण बोलले, "आमच्याकडे सावरीला लाल फुलं येतात." माझ्या गावी बांधाबांधावर काटेसावर आहे, शिमग्याच्या सुमारास पेटल्यासारखी दिसते. सावर मला शिकवायची गरज नव्हती. त्या घरात मी बोललेलं ते पहिलं पुरं वाक्य. मला वाटलं आता ओरडतील. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, ती लाल, ही पांढरी. दोघी बहिणी, पण वेगळ्या. हिची फुलं बारकी, फिकी, पार शेंड्याला येतात, खालून दिसतसुद्धा नाहीत. मी विचारलं, मग ओळखायची कशी? तर त्या जे म्हणाल्या ते मी आजवर विसरले नाही. "फूल बघून कुणीही ओळखेल. फूल पंधरा दिवस. बाकीचं वर्षभर काय झाडाला नाव नसतं?"

मग शिकवणं सुरू झालं, ते जवळजवळ पस्तीस वर्षं चाललं. डोळे मिटून खोडाला हात लावायचा. लाल सावरीचं खोड राखाडी, हिच्या खोडाला हिरवट झाक. काटे कसे, तर बुडाला जाड आणि वर टोकदार, छोट्या शंकूसारखे, खोडातूनच वर आलेले. फांद्या एका उंचीवर तीन-चार, सरळ आडव्या, छत्रीच्या काड्या उघडल्यासारख्या, मग थोडं वर पुन्हा तशाच. पान म्हणजे पसरलेला पंजा, एका देठावर सात बोटं, कधी पाच, कधी नऊ. आणि मुळं... मुळं जमिनीत जायच्या आधी बुंध्यालाच भिंतींसारखी उभी राहतात. वन्संनी सांगितलं, हे झाड मूळचं दाट, दमट रानातलं, फार लांबच्या मुलखातलं. तिथं सगळी झाडं उजेडासाठी वर धावतात. ही सगळ्यांना मागे टाकून वर डोकं काढते. इतकी वर जाते की वाऱ्याने कोसळू नये म्हणून बुडाशी स्वतःच्या भिंती बांधते. मी वर बघून म्हटलं, इथं कुठलं रान? त्या म्हणाल्या, "इथं चाळ होती, तिच्या वर काढलंन डोकं. तिने थोडंच विचारलं, रान आहे का म्हणून."

आता त्या झाडाचं आमच्या चाळीने काय केलं ते लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सावरीचा काटा दुधात उगाळून लावला की मुरुम जातात, असं बायका म्हणतात. आमच्या चाळीतली प्रत्येक मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली की वाटीत दूध आणि हातात बत्ता घेऊन झाडाशी जायची. आडवा ठोका दिला की काटा बुडापासून निघून येतो. मग तो सहाणेवर उगाळायचा. नंदूभाऊजींच्या तिघी बहिणींनी नेले, मंदाने नेले, माझ्या रेश्माने नेले. दोन-तीन पिढ्यांच्या मुलींनी काटे नेले. त्यामुळे जमिनीपासून मुलीचा हात उंच करून जिथवर पोचतो तिथवर ते खोड गुळगुळीत. हात लावला तर वाटेल दुसरंच कुठलं झाड. आणि मुळांच्या त्या भिंती? मुलं त्यांत अडखळून पडतात म्हणून मंडळाने बुडाभोवती भर टाकून गोल कट्टा बांधला, वर लाद्या बसवल्या. त्यावर कॅरम चालायचा. म्हणजे ओळखायच्या दोन खुणा आम्हीच आपल्या हाताने बुजवल्या, एक दुधातून चेहऱ्यावर लावून आणि एक तिच्यावर बसून. वन्संना हे कळत होतं. त्या कट्ट्याच्या वेळी भांडल्या होत्या, पण काट्यांसाठी कुणा मुलीला कधी अडवलं नाही. उलट कोणता काटा घ्यावा ते सांगायच्या.

दर चैत्रात बोंडं तडकली की आम्ही दोघी उशा भरायचो. हा कापूस पंख्याखाली सुटला तर घरभर होतो, म्हणून वन्संनी एक युक्ती काढली होती. भर दुपारी खोलीत मच्छरदाणी लावायची, तिच्या कडा गादीखाली खोचायच्या आणि आत बसून कापूस सोडवायचा. पंखा बंद, तोंडाला ओला रुमाल. काळ्या मिरीसारख्या सरक्या वेताने झटकून वेगळ्या करायच्या, कापूस अभ्र्यात ठासायचा, घट्ट नाही आणि सैलही नाही. बाहेरून कुणी बघितलं तर दोन भुतं बसल्यासारखी दिसायची. घामाने निथळायचो. पण त्या जाळीच्या आत मला बोलता यायचं. का ते ठाऊक नाही. बाहेर एक शब्द फुटायचा नाही आणि आत मी वन्संना माझ्या आईबद्दल, माहेरच्या विहिरीबद्दल, यांच्या रागाबद्दल सगळं सांगायची. त्याही सांगायच्या. एकदा सहज म्हणाल्या, त्यांचं लग्न ठरलं होतं. मुलगा दादरचा, चांगला होता. साखरपुडा व्हायच्या आधी म्हणाला, ही पानं चिकटवायची नोकरी सोडावी लागेल, आमच्याकडे बायका शिपाईगिरी करत नाहीत. "मग?" मी विचारलं. वन्संनी अभ्र्याच्या तोंडाला टाके घालत सांगितलं, "मग काय. चिकटवत नाही, शिवते, एवढंही त्याला माहीत नव्हतं. त्याच्याशी काय संसार करणार?" मी इतकी हसले की तोंडावरचा रुमाल सुटला आणि कापूस घशात गेला.

चाळीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात आमची एक तरी उशी आहे. नंदूभाऊजींची आई तर दुसऱ्या उशीवर झोपत नाही. रेश्माचे वडील गेले तेव्हाही वन्सं आणि मी त्या वर्षीच्या चैत्रात जाळीत बसलो. त्या वर्षी बोललो नाही काही. नुसत्या उशा भरल्या.

मग चाळ पाडून टॉवर व्हायचं ठरलं. हे स्पष्ट लिहिते, म्हणजे कुणी उगीच काही म्हणायला नको. वन्संचा टॉवरला विरोध नव्हता. त्यांचे गुडघे गेले होते, लिफ्ट त्यांनाही हवी होती. नंदूभाऊजींच्या एका खोलीत सात माणसं राहतात, हे आम्हाला काय दिसत नव्हतं? पण बिल्डरच्या माणसांनी आवारातल्या झाडांची यादी केली आणि ती नोटिस बोर्डावर लागली. वन्संनी चष्मा लावून वाचली. झाड क्रमांक तीन, प्रजाती अज्ञात, वाळलेले. यादी केली डिसेंबरात. सावर त्या दिवसांत सगळी पानं टाकते, एक ठेवत नाही. मोजणाऱ्याने खाली बघितलं तर काटे नाहीत, मुळं दिसत नाहीत, वर बघितलं तर पान नाही. लिहून टाकलं मेलं म्हणून. मेलेल्या झाडाचं पुढे कुणी काही विचारत नाही, ते नुसतं उचलायचं असतं.

मी वन्संना इतकं संतापलेलं कधी बघितलं नव्हतं. जिना उतरून कमिटीच्या खोलीत गेल्या, मागोमाग मी. तिथं सगळे होते. वन्संनी सांगितलं की यादी चूक आहे, झाड जिवंत आहे, पांढरी सावर आहे, दुरुस्त करा. वन्संना चाळीत सगळे आत्या म्हणायचे. कुणीतरी म्हणालं, आत्या, त्याने काय फरक पडतो. नंदूभाऊजी म्हणाले, एका झाडापायी परवानगी अडकली तर सगळ्यांची घरं लांबतील, आणि मग हसत, "झाडालाही एक फ्लॅट देऊ का, आत्या? वन बीएचके?" सगळे हसले. वन्संही हसल्या. म्हणाल्या, "नको. त्याची जागा त्याच्याकडे आहे. शोधताय ती तुम्ही." मग हसू थांबवून म्हणाल्या, "नंदू, तोडायचंच ठरलं तर जिवंत आहे असं लिहून तोडा. मग कुणीतरी दोनदा विचार करेल, नकाशा फिरवता येतो का बघेल. मेलं म्हणून नको. मेलं नाही ते."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने उद्यान खात्याला अर्ज लिहिला. त्यानंतर नळावर मला कुणी बादली पुढे करू देईना. मंदा सोडली तर कुणी बोलेना. वन्सं म्हणायच्या, तुला तसंही कुणाशी बोलायचं नसतं, तुझं काय गेलं? आणि आठवड्याभरात त्यांच्या छातीत पाणी झालं.

इस्पितळात त्या रोज एकच विचारायच्या, कागद आला का? कागद आला. उद्यान खात्यातल्या बाई गुरुवारी सकाळी झाड बघायला येणार. बुधवारी दुपारी मी ते सांगितलं तेव्हा त्यांना धाप लागत होती. त्यांनी घरची उशी मागितली होती ती मी घेऊन गेले होते. सिस्टरने आधी नको म्हटलं, मग हात लावून बघितलं आणि राहू दे म्हणाली. वन्सं त्या उशीवर टेकून म्हणाल्या, उद्या तू उभी राहा. मला रडूच आलं. मी म्हटलं, वन्सं, मला बोलता येत नाही, मंदाला सांगते, नाहीतर तारीख बदलून घेऊ, तुम्ही घरी आलात की... त्यांनी मान हलवली. घरी येणं होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

"बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "दाखव."

मग त्यांनी माझी परीक्षा घेतली. हाताला सलाइन, नाकाला नळी आणि परीक्षा घेतायत. पंजा पसरून माझ्यापुढे धरला. किती? मी म्हटलं, पाच. सावरीला? सात, कधी पाच, कधी नऊ. काटे कुठे? वर, मुलींचा हात पोचत नाही तिथं. भिंती? कट्ट्याखाली. जिवंत कशावरून? याला मला सुचेना. त्यांनी डोळे मिटले, मला वाटलं झोप लागली. मग हळू म्हणाल्या, "गटाराच्या बाजूला फुटवा आलाय. नखाने खरवड." मी उठले तेव्हा त्यांनी माझा पदर धरला. म्हणाल्या, उद्या इथं येऊ नकोस. आधी ते. कळलं?

मी हो म्हटलं. म्हणजे जिन्यात जे बोलले त्यांनी हे नीट वाचावं. मला त्यांनी पाठवलं होतं. मी त्यांना टाकून गेले नव्हते, त्यांच्या कामाला गेले होते.

गुरुवारी मी वन्संच्या पितळी डब्यातून त्यांनी शिवलेलं एक पान काढलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सुईदोऱ्याने टाचलेलं, याच झाडाचं, तपकिरी पडलेलं पण सातही बोटं शाबूत. ते, बटाट्याची सुरी आणि घरातलं स्टूल घेऊन खाली गेले. बिल्डरचा माणूस बाईंना सांगत होता, बघा ना मॅडम, पूर्ण ड्राय आहे. बाई मान डोलवत लिहायच्या बेतात होत्या. तोंड उघडलं, आवाज आला नाही. वरून कुणीतरी हसलं. तेव्हा मी जे केलं ते मी कधी करेन असं मला वाटलं नव्हतं. मी त्या परक्या बाईंचं मनगट धरलं. कट्ट्यावर स्टूल ठेवलं, त्यांना वर चढवलं आणि त्यांचा हात खोडावर जितका उंच जाईल तितका नेऊन टेकवला. बाई म्हणाल्या, "अरे, काटे आहेत." मग कट्ट्याच्या फुटलेल्या कोपऱ्यापाशी नेलं. दोन लाद्या सुटलेल्याच होत्या, त्या उचलल्या. आत मूळ उभं होतं, हातभर उंच, भिंतीसारखं. बाई खाली बसल्या. मग मी वर फांद्यांकडे बोट केलं आणि माझी बोटं पसरून आडवी धरली. त्या बघत राहिल्या. मग पान दिलं. त्यांनी ते उन्हात धरलं, टाके बघितले, आणि विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, "वन्संनी." एवढाच शब्द आला, पण आला.

बिल्डरचा माणूस म्हणाला, असेल सावर, पण वाळलेली. मी गटाराच्या बाजूला गेले. खोडातून आलेली कोवळी फांदी वाकवून धरली आणि सुरीने खरवडली. आतून हिरवी. ओली हिरवी, सुरीच्या पात्याला रस लागला. आणि तेव्हाच मंदाने वरून सांगितलं की फोन वाजतोय.

पुढचं मी लिहिलंच आहे. मंदा कठडा धरून उभी राहिली. नंदूभाऊजी पुढे आले, म्हणाले, वहिनी, चला, वर चला. बाईंनी वही मिटली, म्हणाल्या, आपण नंतर करू, तुम्ही जा. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती मिटलेली वही होती. मी म्हटलं, आणि हे सगळ्या चाळीने ऐकलं, "वन्सं गेल्यात. त्यांना आता घाई नाही. तुम्ही आधी लिहा."

बाईंनी वही उघडली. लिहिलं. मी म्हटलं, वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. झाड क्रमांक तीन. पांढरी सावर. जिवंत. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. मग मी सुरी कट्ट्यावर ठेवली, वर जाऊन साडी बदलली आणि इस्पितळात गेले. टॅक्सीत माझ्यासोबत नंदूभाऊजी होते. शिवडीकडून येणारे ट्रक अडकून पडले होते, आम्ही बराच वेळ एका जागी थांबून होतो. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, आमच्या ताईच्या लग्नाआधी मीच बत्त्याने काटे काढून दिले होते, तिचा हात पोचत नव्हता म्हणून.

हे असं झालं. याच्यात मी काही चुकले असं मला वाटत नाही. गेलेल्या माणसाजवळ अर्धा तास उशिरा पोचले. त्यांना मी दिसणार नव्हते. जिवंत होत्या तेव्हा ज्याची वाट बघत होत्या, ते झाल्याशिवाय कुठल्या तोंडाने गेले असते? पायाशी बसून काय सांगितलं असतं, बाईंनी वही मिटली म्हणून?

नकाशा परत गेला आहे. पार्किंग सरकवता येतं का बघतायत म्हणे. निकाल काही लागलेला नाही, कदाचित तोडतीलही. तोडायला आले तर जिवंत झाड तोडतोय अशी सही करून तोडावं लागेल, आणि त्या दिवशी मी खाली उभी असेन. स्टूल घेऊन.

रेश्माने इस्पितळातून वन्संची उशी घरी आणली तेव्हा बायकांनी सांगितलं, गेलेल्या माणसाची उशी घरात ठेवत नाहीत, टाकून दे, नाहीतर कुणाला देऊन टाक. मी ठेवली. तेराव्यालाही ठेवली, कुणी बोट दाखवलं तरी ठेवली. उशीच्या मध्यभागी त्यांच्या डोक्याचा खळगा होता. हा कापूस दबला की आपणहून वर येत नाही, उन्हात घालून सोडवावा लागतो. मी दोन महिने ती उन्हात घातली नाही.

गेल्या आठवड्यात बोंडं तडकली. कापूस गॅलऱ्यांतून, जिन्यातून, कमिटीच्या खोलीतून उडायला लागला. खालून नंदूभाऊजींनी शिंकत हाक मारली, "वहिनी, तुमच्या मेलेल्या झाडाने जीव खाल्ला!" मी कठड्याशी गेले आणि उलट ओरडून सांगितलं, खिडकी लावा, आणि आईंची उशी पाठवा, भरून देते. मंदा आ वासून माझ्याकडे बघत राहिली.

आज दुपारी पंखा बंद केला, मच्छरदाणी लावली, कडा गादीखाली खोचल्या आणि एकटी आत बसले. वन्संच्या उशीचे टाके उसवले. जुना कापूस बाहेर काढला, बोटांनी सोडवला, त्यात यंदाचा मिसळला. थोड्या वेळाने कुठला जुना आणि कुठला नवा ते सांगता येईना. समोर त्यांची जागा रिकामी होती. मी ओला रुमाल तोंडावरून खाली केला आणि बोलायला लागले. गुरुवारी काय काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, काट्यांपासून फुटव्यापर्यंत. परीक्षेत विचारल्यासारखं, क्रमाने. मग अभ्र्याचं तोंड शिवलं, जसं त्यांनी शिकवलं तसं, घट्ट नाही आणि सैलही नाही.

आज मी त्या उशीवर झोपणार आहे.